बहिष्कृतांनीच बहिष्कार घालावा काय?

एप्रिल जवळ आला की आमच्या वस्तीत जयंतीच्या वर्गणीची पावतीपुस्तके निघतात. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. समाजमंदिराच्या ओट्यावर मंडळाचे खजिनदार, चार तरुण कार्यकर्ते आणि सल्लागार या नात्याने आम्ही बसलो होतो. साडी नेसलेली, उंच बांध्याची एक व्यक्ती आली. तिने बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडले, पदराची गाठ सोडून पाचशेच्या दोन नोटा खजिनदारापुढे ठेवल्या. ती परकी नव्हती. याच वस्तीत जन्मलेले, याच ओट्यासमोर लेझीम शिकलेले, दहावीनंतर बापाने मारून घराबाहेर काढलेले ते लेकरू होते. खजिनदारांनी पैसे घेतले, पावतीही लिहायला घेतली. पण नावाच्या जागी त्यांचा हात अडला. शाळेतले नाव आता तिचे राहिले नव्हते आणि तिने सांगितलेले नाव लिहिले तर उद्या कमिटीत प्रश्न निघणार! अखेर त्यांनी लिहिले, 'एक हितचिंतक'. तिने पावती वाचली, घडी घालून ठेवली आणि 'जयभीम' म्हणून ती निघून गेली. एका पोराने तिच्या पाठीमागे टाळी वाजवली. बाकीचे हसले. आणि आम्ही, संविधानावर गावोगाव व्याख्याने देणारे वकील, गप्प बसलो.

तिचा पैसा चालला, तिचे नाव चालले नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी सारवलेले अंगण चालत होते, वाहिलेली मोळी चालत होती. पण त्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते. मग त्या दिवशी ओट्यावर जे घडले, त्याला दुसरे कोणते नाव द्यायचे?

चळवळीच्या वाचकांना बहिष्कार या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली संस्था काढली तिचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा', आणि १९२७ साली पाक्षिक काढले त्याचे नाव 'बहिष्कृत भारत'. त्यांनी तो शब्द लपवला नाही, उलट मथळ्यावर छापला. गावकुसाबाहेरचा बहिष्कार आम्ही ओळखतो, त्याच्याशी लढतो. पण घराच्या उंबरठ्याच्या आत, स्वतःच्या पोटच्या लेकरावर घातलेला बहिष्कार आम्हाला दिसत नाही. या लेखात आम्हाला जे सांगायचे आहे ते एवढेच की, तृतीयपंथी माणसाचा प्रश्न हा आधी त्याच्या घराचा आणि वस्तीचा प्रश्न आहे. कायद्याने त्याला माणूस म्हणून ओळख दिली तरी त्याची नाती त्याला परत मिळवून देणे हे आपल्याच हातात आहे.

आधी थोडा शब्दांचा घोळ काढू. जन्माच्या वेळी शरीर पाहून मुलगा किंवा मुलगी अशी नोंद होते. काही माणसांचे मन त्या नोंदीशी जुळत नाही. कळायला लागल्यापासून त्यांना आतून माहीत असते की आपण वेगळे आहोत. अशांना आज मराठीत पारलिंगी म्हणतात. हिजडा, किन्नर, तृतीयपंथी, जोगते हे शब्द त्यांच्यातल्या वेगवेगळ्या परंपरांना आणि समूहांना लागले. पुरुष म्हणून नोंदलेल्या पण स्त्री असणाऱ्या व्यक्ती आपल्याला रस्त्यावर दिसतात. मुलगी म्हणून नोंदलेले पण मनाने पुरुष असणारे दिसत नाहीत, कारण त्यांचे बळजबरीने लग्न लावून दिलेले असते. हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०१९ मध्ये मंजूर झाले आणि २०२२ पासून लागू झाले, ही गोष्ट मानसिक विकारांच्या यादीतून काढून टाकली. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा व्यक्तींना 'बदलण्याचे' उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तरीही आपल्याकडची कित्येक कुटुंबे आजही लेकराला देवऋषाकडे नेतात, अंगारा लावतात, भूत उतरवण्यासाठी झोडपतात. बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरातून देवऋषाकडे वाट जातेच कशी? भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही त्या बापाला कोणी सांगत नाही.

२०११ च्या जनगणनेत प्रथमच 'इतर' असा रकाना आला आणि देशात सुमारे ४ लाख ८८ हजार लोकांची त्यात नोंद झाली. त्यापैकी जवळपास ४१ हजार महाराष्ट्रातले. गणना करणाऱ्याला कुटुंबप्रमुखाने जे सांगितले तेच लिहिले गेले. तेव्हा ज्यांना घराने लपवले, त्यांची गणती यात कशी असेल?

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. पारधी आणि इतर भटक्या बांधवांच्या कपाळी या कायद्याने जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला, हे आपण विमुक्त दिनी दरवर्षी सांगतो. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता, हे आपण सांगत नाही. उत्तर हिंदुस्थानात लागू झालेल्या त्या भागाने त्यांची पोलिसांत नोंदवही ठेवली. सार्वजनिक जागी बायकी पोशाख केला किंवा नाच-गाणे केले तर दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. एवढ्यावर सरकार थांबले नाही. नोंद झालेल्या माणसाला दत्तक घेता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, कोणा अज्ञान मुलाचा पालक होता येणार नाही असे त्यात लिहिले. म्हणजे पोशाखाबरोबर त्यांची नातीही गुन्ह्यात काढली! एखाद्या समूहाला संपवायचे असेल तर त्याला मारावे लागत नाही, त्याची नाती तोडली की पुरे होते, हे मनूला जसे ठाऊक होते तसे गोऱ्या साहेबालाही ठाऊक होते.

स्वतंत्र भारतात न्यायाला उशीर झाला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने नालसा खटल्यात निकाल दिला. संविधानाची कलमे १४, १५, १६, १९ आणि २१ यांचा आधार घेऊन न्यायालयाने सांगितले की, आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. त्यांना सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण द्यावे, असेही आदेश दिले. त्यानंतर संसदेने २०१९ मध्ये कायदा केला आणि तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. तृतीयपंथी व्यक्तीला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे हा त्या मूळ कायद्यात सहा महिने ते दोन वर्षे शिक्षेचा गुन्हा ठरवला गेला. मात्र तिच्यावरील लैंगिक अत्याचारालाही तेवढीच शिक्षा ठेवली! तिच्या अब्रूची किंमत या देशाच्या कायद्याने किती कमी धरली, हे यावरून समजावे. कायदे येतात, दुरुस्त होतात, दिलेले कधी परतही घेतात. म्हणून जो समाज केवळ कायद्याच्या भरवशावर बसतो, तो फसतो.

आता पुन्हा त्या पावतीकडे येऊ. त्या दिवसानंतर आम्हाला झोप लागेना. चौकशी करून आम्ही तिचा पत्ता काढला आणि तिची माफी मागायला गेलो. तिने चहा दिला, आमचे ऐकून घेतले आणि म्हणाली, "साहेब, माफीचं राहू द्या. माझ्या जातीच्या दाखल्याचं काही होतं का बघा."

या एका वाक्याने आमची वकिली जागी झाली. वाचकहो, जातीचा दाखला कसा निघतो हे आपल्याला तोंडपाठ आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबाचा शाळेचा दाखला, महसुली नोंद, वंशावळ, बापाचा शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका असे सगळे कागद बापाच्या बाजूचे. हे कागद असतात घरातल्या पत्र्याच्या पेटीत. ज्या लेकराला अंगावरच्या कपड्यांनिशी हाकलले, त्याला ती पेटी कोण उघडू देणार? पुढे ते एखाद्या घराण्यात जाते, गुरू करते. काहींच्या ओळखपत्रावर बापाच्या जागी गुरूचे नाव लागते. झाले, धागा तुटला! जात त्याला सोडत नाही. शिवी देणारा, खोली नाकारणारा त्याची जात बरोबर हुडकून काढतो. पण जातीमुळे मिळणारी शिष्यवृत्ती, वसतिगृह, आरक्षण मात्र त्याच्या हातून जाते. जातीचे ओझे डोक्यावर कायम आणि संविधानाने दिलेला आधार गेला, अशी ही दुहेरी लूट आहे, आणि ती आपल्याच घरात होते.

गुरूच्या घराण्याला दोष देणे सोपे आहे. तिथे कमाईचा वाटा द्यावा लागतो, शिस्त कडक असते, काही ठिकाणी छळही होतो, हे खरे. पण भर रात्री हाकललेल्या सोळा वर्षांच्या लेकराला भाकरी आणि पांघरूण त्याच दाराने दिले, आपल्या दाराने दिले नाही, हेही तितकेच खरे.

तिच्या बापाने कागद द्यायला साफ नकार दिला. 'माझ्यापुरतं ते मेलं,' असे त्यांनी आम्हाला तोंडावर सांगितले. आठ दिवसांनी संध्याकाळी तिची आई आमच्या कार्यालयात आली. रेशनच्या पिशवीत, तांदळाखाली लपवून तिने नवऱ्याचा शाळेचा दाखला आणला होता. तेव्हा आम्हाला कळले की गेली कित्येक वर्षे ही माउली महिन्यातून एकदा, बाजाराचे निमित्त करून, बसस्थानकावर जाऊन आपल्या लेकराला भेटते. सोबत भाकरी-ठेचा नेते. दोघी अर्धा तास बाकावर बसतात. वस्तीतले कोणी दिसले की आई उठून दुसऱ्या फलाटाला जाऊन उभी राहते. ती आम्हाला म्हणाली, "लोक काय म्हणतील म्हणून तेव्हा गप्प बसले, वकीलसाहेब. आता लोक काहीच म्हणत नाहीत, अन् लेकरू पण घरात नाही."

आपण तृतीयपंथीयांविषयी बोलतो तेव्हा ही आई आपल्या बोलण्यात नसते. तिने कोणाशी बोलावे? महिला मंडळात ती तोंड उघडत नाही, कारण तिथे 'तुझ्याच पोटी असं कसं निपजलं' हा प्रश्न टपून बसलेला असतो. लहान बहिणीच्या सोयरिकीत पाहुणे विचारतात, 'भाऊ काय करतो?' आणि घर खोटे बोलते. बापही दगडाचा नसतो. भावकीत मान खाली जाईल या भीतीने तो आधी हात उगारतो, आणि मग उगारलेला हात खाली घ्यायची त्याला लाज वाटते. घरातले असे एकेक माणूस आतल्या आत कुढत राहते. एका लेकरावर बहिष्कार घातला की शिक्षा सगळे घर भोगते.

आता आपल्या चळवळीतल्या गैरसमजाकडे वळू. आमच्या पिढीने यल्लम्माच्या परड्या बुडवल्या, जटा कापल्या, देवदासी प्रथेविरुद्ध मोर्चे काढले. ते योग्यच होते. देवाच्या नावाने माणूस सोडणे ही गुलामगिरी आहे आणि महाराष्ट्रात तिच्या निर्मूलनाचा कायदाही २००५ मध्ये झाला. परंतु त्या भरात आपण दोन गोष्टी एक केल्या. जोगत्याच्या डोक्यावरचा जग उतरवताना, 'आता साडीही सोड, पँट घाल आणि पुरुषासारखा वाग' असे आपण त्याला बजावले. जग अंधश्रद्धेने डोक्यावर आला होता; मन कोणी बाहेरून आणून बसवले नव्हते. शतकानुशतके अशा माणसाला समाजात उभे राहायला देवीच्या नावाखेरीज दुसरी जागाच नव्हती. देवी काढून घ्यायची असेल तर तिच्या जागी शाळा, नोकरी आणि घर द्यावे लागेल. नुसती परडी काढून घेतली तर तो माणूस परत देवीकडे जाईल किंवा सिग्नलवर उभा राहील.

'हा आपला विषय नाही, यात शिरले तर चळवळ बदनाम होईल', असे सांगणारेही आहेत. त्यांनी १९३४ सालचा एक खटला आठवावा. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली जात. त्यांत समलैंगिकतेविषयीचे प्रश्नही होते. सनातन्यांनी अश्लीलतेचा खटला भरला. कर्व्यांचे वकीलपत्र घ्यायला उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! पुणे कराराला जेमतेम दोन वर्षे झालेली, दलितांच्या लढ्याचा भार डोक्यावर, सनातनी टपून बसलेले. तरीही ते 'हा माझा विषय नाही' असे म्हणाले नाहीत. लैंगिक प्रश्नावर लिहिले म्हणजे अश्लील लिहिले असे होत नाही, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण ज्याच्याकडे पाहून जग हसते त्याच्या बाजूने उभे राहण्याचा धडा त्यांनी आम्हा वकिलांना घालून दिला. त्या दिवशी ओट्यावर आम्ही तो विसरलो होतो.

समाज स्वीकारत नाही, ही सबबही आता टिकत नाही. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात तरंगफळ नावाचे गाव आहे. त्या गावाने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच म्हणून निवडून दिले. नागपूरला २०१८ मध्ये विद्या कांबळे लोकअदालतीच्या पॅनेलवर बसल्या. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांचा महिला राखीव प्रभागातील अर्ज फेटाळला गेला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, न्यायालयाने त्यांना स्त्री म्हणून लढण्यास परवानगी दिली आणि जानेवारी २०२१ मध्ये गावाने त्यांना निवडून दिले. कवयित्री दिशा पिंकी शेख यांनी वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या म्हणून व्यासपीठ गाजवले. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खडसावल्यावर राज्याच्या पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांना जागा झाली. खेड्यातला साधा मतदार शिक्का मारतो आणि आम्ही शिकले-सवरलेले कार्यकर्ते पावतीवर नाव लिहायला कचरतो!

मग करायचे काय? मोठमोठ्या घोषणा नकोत. प्रत्येक वस्तीला जमतील अशी कामे आम्ही सुचवतो.

पहिले काम विहारात. रविवारच्या वंदनेला आलेल्या तृतीयपंथी व्यक्तीला इतरांच्या ओळीत बसवावे, तिने सांगितलेल्या नावाने हाक मारावी. ज्या धम्मात सुनीत भंगी थेर झाला आणि अंगुलिमालालाही जागा मिळाली, त्या धम्माच्या दारात हिच्यासाठी वेगळा नियम कोणी केला? दुसरे काम महिला मंडळांचे. अशा लेकरांच्या आयांना महिन्यातून एकदा एकत्र बसवा. भाषण कोणी करू नये, नुसते ऐकावे. एका आईला दुसरी अशीच आई भेटली की निम्मे दुःख तिथेच हलके होते. बापांशी मात्र बापानेच बोलावे. ज्या बापाने लेकराला घरात ठेवले तोच दुसऱ्या बापाला समजावू शकतो.

तिसरे काम शिक्षकांचे आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांचे. चिडवल्यामुळे शाळा सुटते, आणि शाळा सुटली की सगळेच सुटते. चौथे काम आम्हा वकिलांचे. राजपत्रात नाव बदलणे, शाळेच्या नोंदीत दुरुस्ती, जातीचा दाखला, जात पडताळणी ही कामे तालुक्याला एका वकिलाने विनाशुल्क अंगावर घ्यावीत. वारसाहक्काचेही भावांना बजावून सांगावे. आपल्याला लागू असलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगा आणि मुलगी दोघेही पहिल्या वर्गाचे वारस आहेत. तेव्हा साडी नेसली म्हणून बापाच्या वाट्यातले नाव खोडता येत नाही.

पाचवे, आपल्या मंडळांनी आणि जात पंचायतींच्या सावलीत वावरणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याने महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा वाचावा. २०१६ चा हा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. समाजातल्या माणसाशी लैंगिकतेच्या कारणावरून भेदभाव करणे हाही त्यात बहिष्काराचा प्रकार मानला आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. आपल्याच माणसांवर आपणच हा कायदा वापरण्याची वेळ येऊ नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

आणि सहावी मागणी शासनाकडे. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांना एक टक्का समांतर आरक्षण दिले. म्हणजे महिला किंवा अपंगांप्रमाणे अनुसूचित जातीतल्याला अनुसूचित जातीतच आणि खुल्यातल्याला खुल्यातच जागा. हीच रीत न्याय्य आहे. तृतीयपंथी आहे म्हणून एकाच मागास गठ्ठ्यात टाकले तर दलित तृतीयपंथीयाला जात आणि लिंग यांतून एकाची निवड करावी लागते. माणसाचे असे दोन तुकडे करता येत नाहीत. आपल्या मोर्च्यांच्या मागणीपत्रात ही मागणी नावानिशी आली पाहिजे.

त्या माउलीने तांदळाखालून आणलेल्या कागदावर लेकराचा जातीचा दाखला निघाला. राजपत्रात नवे नाव छापून आले. ती आता मुक्त विद्यापीठातून शिकते आहे. बापाने अजून दार उघडलेले नाही. पण दाखल्याचे कळल्यावर, 'तिचं कागदपत्राचं झालं का?' असे त्यांनी बायकोला एकदा विचारले, आणि त्यात 'तिचं' म्हणाले, एवढे आमच्या कानावर आले आहे.

राजपत्रात नाव आले, दाखल्यावर नाव आले. आमच्या मंडळाच्या पावतीवर ते यायचे राहिले आहे. येत्या जयंतीला आम्ही स्वतः पावतीपुस्तक घेऊन ओट्यावर बसणार आहोत. वाचकांनीही आपापल्या वस्तीतल्या ओट्यावर बसावे, आणि असे कोणी वर्गणी घेऊन आले तर जागा द्यावी, नाव विचारावे आणि सांगितलेले नाव ठळक अक्षरांत लिहावे.

जयभीम!